सेरा सिडन्सच्या घरातली पत्रं

२ ऑगस्ट १७८४ ला दुपारी चार वाजता ब्रिस्टलहून इंग्लंडची पहिली टपालगाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनला पोचली. ही कल्पना जॉन पामरची. बाथ आणि ब्रिस्टलची नाटकगृहं त्याच्याकडे होती. नट आणि सामान या दोन गावांत वेळेवर हलतं, तर पत्रं का नाही, असा त्याचा सवाल होता. याच पामरकडे सेरा सिडन्स या नटीने १७७८ ते १७८२ काम केलं आणि मग लंडनचं ड्रुरी लेन हे नाटकगृह गाजवलं.

लंडनची मोठी थिएटरं उन्हाळ्यात बंद. मग नटमंडळी गावोगावी दौऱ्यावर निघत आणि पोरंबाळं मागे राहत. अशा आईचं घर टपालावरच चालायचं. तेही महाग. अंतर वाढलं की दर वाढे, दुसरा कागद जोडला की दुप्पट, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच मोजावे लागत. पाकीटसुद्धा जादा कागद धरलं जाई, म्हणून पत्राचीच घडी घालून वर लाख लावत. कित्येक जण तर लिहून भरलेलं पान फिरवून आधीच्या ओळींना छेदत पुन्हा ओळी लिहीत.

१७९८ च्या उन्हाळ्यात सेराची एकोणीस वर्षांची मुलगी मरिया क्षयाने खंगली होती. ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला, पेनेलोपी पेनिंग्टन या मैत्रिणीकडे तिला ठेवून सेरा दौऱ्यावर गेली. पोरीची खबर मैत्रिणीच्या पत्रातून कळायची आणि रात्री रंगमंचावर उभं राहायचं. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत जीवघेणं वाटतं.

त्यात चित्रकार थॉमस लॉरेन्स. आधी सेराच्या थोरल्या मुलीवर, सॅलीवर त्याचा जीव, मग मरियावर, मग पुन्हा सॅलीवर. अखेरच्या दिवसांत मरियाने बहिणीकडून वचन घेतलं, त्याच्याशी लग्न करायचं नाही. ७ ऑक्टोबरला मरिया गेली. सॅलीने शब्द पाळला. १८०३ मध्ये तीही गेली, आणि आयर्लंडच्या दौऱ्यामुळे तेव्हा आई जवळ नव्हती.

ही पत्रं १९०४ मध्ये छापली गेली. पुस्तकाच्या नावात मात्र चित्रकाराचं प्रेम आलं. मरियाच्या उशाशी बसून तिच्या आईला लिहिणाऱ्या पेनिंग्टनबाईंना त्यात जागा मिळाली नाही.