घरी परदेशी पाहुणा उतरणार? २४ तासांत सी फॉर्म भरा

विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला की सरकारी काम संपलं, असं आपण धरून चालतो. यजमानाचं काम खरं तर तिथून सुरू होतं. परदेशी नागरिक तुमच्याकडे मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. हाच तो सी फॉर्म. हॉटेलवाल्यांना तो तोंडपाठ असतो. भाचीच्या जर्मन मित्राला नाशिकच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये उतरवून घेणाऱ्या माझ्यासारख्याला कुठून असणार!

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना कायदा जाऊन परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला. पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला त्यात ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड आहे. मुक्काम कळवण्याची जबाबदारी मात्र पूर्वीसारखीच घर देणाऱ्यावर. तुम्ही भाडं घेत नाही, ही सबब चालत नाही. अमेरिकन पासपोर्टवाला नातू ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) आला तरी नोंद हवीच. हे आजीला तुम्हीच समजवा.

आधी एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) पोर्टलवर यजमान म्हणून खातं उघडा. तुमचं ओळखपत्र, घराच्या पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा. पत्ता निवडताना नीट बघा: पंचवटी, गंगापूर रोड शहर पोलीस आयुक्तालयाकडे, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी ग्रामीण पोलिसांकडे. खात्याला मंजुरी लागते, म्हणून पाहुण्याचं तिकीट निघालं की लगेच हे उरका.

पाहुण्याकडून पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो घ्या. व्हिसाइतकंच विमानतळावरच्या शिक्क्याचं पान महत्त्वाचं. भारतात आल्याची तारीख आणि तुमच्या घरी आल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत जातात. आमचा पाहुणा आधी गोव्यात राहून आलेला, मी दोन्हीकडे एकच तारीख टाकली आणि पुन्हा बसावं लागलं. आणखी एक गंमत: जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात इंग्रजी ‘ओ’ नसतोच, दिसतं ते शून्य. कुठून आला, पुढे कुठे जाणार, हेही भरायचं असतं. फॉर्म पाठवला की प्रत जपून ठेवा.

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर सहसा पाहुण्याला भारतात आल्यापासून १४ दिवसांत स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. ती त्याची त्यानेच करायची. तुमच्या सी फॉर्मने ती होत नाही.