मॅन्युअल गिअरबॉक्सचे आयुष्य

हाताने गिअर बदलण्याच्या वाहनाचा गिअरबॉक्स मोठ्या दुरुस्तीशिवाय जितके किलोमीटर चालतो, ते त्याचे आयुष्य. आतले गिअर आणि बेअरिंग पोलादी असतात व तेलात फिरतात, त्यामुळे नीट वापरलेला गिअरबॉक्स बहुधा इंजिनाला पुरून उरतो. दोन लाख किलोमीटर झाले तरी तो एकदाही न उघडलेल्या मोटारी कमी नाहीत. जो लवकर जातो, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा क्लच, तेल किंवा चालकाचा हात असतो.

आजच्या मोटारींत पुढे जाण्याच्या गिअरचे दाते एकमेकांत कायमच अडकलेले असतात. लिव्हर हलवली की शाफ्टवरची, म्हणजे फिरत्या दांड्यावरची, स्लीव्ह नावाची कडी सरकते आणि हव्या त्या गिअरला शाफ्टशी जोडते. जोडण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो. ते काम सिंक्रो रिंगचे. बहुधा पितळेची असलेली ही रिंग गिअरच्या शंकूवर घासून, छोट्या ब्रेकसारखी, वेग जुळवते. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही सोय मोटारीत आणली. त्याआधी, आणि जड वाहनांत नंतरही कित्येक वर्षे, डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. जुन्या ट्रकचालकांच्या पायांत ही सवय अजून आहे आणि तिने सिंक्रोचे भलेच होते.

गिअर टाकताना ‘खर्र’ झाले की ‘दात घासले’ असे आपण म्हणतो. घासतात ते स्लीव्हचे आणि गिअरच्या कडेचे छोटे दाते. ताकद वाहणारे मुख्य दाते तेव्हा सुखरूप असतात. रिव्हर्सचे मात्र वेगळे आहे. अनेक गाड्यांत त्याला सिंक्रो नसते आणि सरळ दात्यांचा गिअर खरोखरच सरकत येऊन बसतो. म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत आणि मगच रिव्हर्स टाकावा.

शहरात सर्वांत आधी झिजते ती दुसऱ्या गिअरची सिंक्रो, कारण सिग्नलपासून सिग्नलपर्यंत तीच राबते. चौथ्यातून थेट दुसऱ्यात झटक्याने येण्याने तिच्यावर वेगातला मोठा फरक एका क्षणात पडतो. लिव्हर न्यूट्रलपाशी किंचित थांबवून, मग न ढकलता आत जाऊ देणे एवढ्यानेच तिचे आयुष्य वाढते. गिअर टाकून झाल्यावर हात लिव्हरवरून काढावा. हाताचा भार आत सिलेक्टर फोर्कपर्यंत, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यापर्यंत, पोहोचतो आणि फोर्क फिरत्या स्लीव्हवर दाबून झिजत राहतो. तासन् तास हात तिथे ठेवून गाडी चालवणाऱ्याला हे बाहेरून कधीच जाणवत नाही.

क्लचचे पाप गिअरबॉक्सच्या माथी येते, ते असे. केबल सैल झाली किंवा हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरली की पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नाही. मग सिंक्रोला प्रत्येक वेळी फिरत्या इंजिनाशी झुंजावे लागते. सगळेच गिअर खरखरत असतील तर आधी क्लच पाहावा. एकच गिअर खरखरत असेल तर सिंक्रो. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर येणारा घुमणारा आवाज क्लच दाबताच थांबला तर इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्यावा, आणि दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर. हे न तपासता गिअरबॉक्स उतरवायला लावणे म्हणजे मालकाचा खिसा फुकट रिकामा करणे होय.

घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे ही आपल्याकडची जुनी आणि घातक सवय. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होते, म्हणजे बचतीचा मुद्दाही उरत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमध्ये आलेल्या अवजड गाड्यांनी काय केले, हे पुणेकरांनी पाहिले आहे. ब्रेक तापून हातचे गेल्यावर भरवेगात खालचा गिअर टाकायला गेले की तो पडत नाही, आणि पडलाच तर सिंक्रो, क्लचप्लेट आणि इंजिन सगळ्यांनाच तडाखा बसतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हे चालकांचे जुने सांगणे आजही खरे आहे.

तेलाकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये ते साधारण दोन लिटर असते आणि इंजिन ऑइलसारखे जळत नाही. पातळी उतरली तर सील गळते आहे असे समजावे. तेल कोणते, हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावे. जीएल-४ या प्रतीचे तेल सांगितलेल्या ठिकाणी ‘वरच्या दर्जाचे’ म्हणून जीएल-५ ओतू नये. त्यातील जादा गंधकयुक्त रसायने पितळेला खाऊ शकतात, शिवाय जास्त निसरडेपणामुळे सिंक्रोला पकड मिळत नाही. तेल बदलताना भरण्याचा बोल्ट आधी उघडून पाहावा. तो गंजून अडकला असेल आणि तेल काढण्याचा खालचा बोल्ट आधीच काढला असेल, तर गाडी तेलाविना तिथेच उभी राहते.

अनेक गाड्यांत खालच्या बोल्टला चुंबक असते. त्यावरचा करडा, लोण्यासारखा थर बोटावर घेऊन चोळावा. तो गुळगुळीत लागला तर ती नेहमीची झीज. टोचला तर आत काहीतरी तुटले आहे. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून सिंक्रोची खबर हवी असेल तर ट्रेमधले तेल उन्हात तिरपे धरून सोनेरी कण पाहावेत. पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली असेल तर ही तपासणी लगेच करावी. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून, पाणी आत ओढले जाते. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर गाडी सुरू न करता आधी ते काढून टाकावे.