मुठीत मावणारा अँटेना

जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागेत ओलावा मोजणारे सेन्सर पुरायचे आणि बांधावर उभं राहून हातातल्या यंत्रावर आकडे घ्यायचे, तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा सोयीचा. इथे तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर. तिच्या पाव लांबीची, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपासची सरळ तार हा सगळ्यात भरवशाचा अँटेना. पण यंत्र खिशात मावायला हवं, म्हणून तार २ सेंटिमीटरवर आणली जाते आणि उधारी सुरू होते.

पाव लांबीच्या तारेचा प्रारण रोध साधारण ३६ ओहम. उष्णतेत शक्ती घालवणाऱ्या रोधाच्या तुलनेत हा जितका मोठा, तितका शक्तीचा जास्त वाटा हवेत जातो. २ सेंटिमीटरला तो जेमतेम १.३ ओहम उरतो. जुळणीसाठी, म्हणजे यंत्राची शक्ती परत न फिरता अँटेनात शिरावी म्हणून, लावलेल्या कॉइलचा स्वतःचा रोध तेवढाच निघाला, तर निम्मी शक्ती कॉइल तापवण्यात जाते.

दुसरा फटका पट्ट्याच्या रुंदीला. व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) या संशोधकांनी ही मर्यादा मांडली: अँटेना ज्या गोळ्यात मावतो त्याची त्रिज्या निम्मी केली, की क्यू-गुणांक जवळपास आठपट. हा गुणांक जितका मोठा, तितका चालणारा पट्टा अरुंद. मग अँटेना इतक्या अरुंद जागी जुळतो, की नुसतं मुठीत धरलं तरी जुळणी बिघडते. हातात पाणी भरपूर. त्यामुळे वारंवारता खाली सरकते.

बोर्डवरचा तांब्याचा ग्राउंड हा अँटेनाचाच दुसरा अर्धा भाग, हे हमखास विसरलं जातं. ४ सेंटिमीटरच्या बोर्डवर महागडा चिप अँटेना (बोर्डवर डकवायचा इवलासा तयार अँटेना) लावणं म्हणजे पैसे वाया. बोर्ड ८-९ सेंटिमीटरचा असावा, अँटेनाखाली कुठल्याच थरात तांबं नको, बॅटरी दुसऱ्या टोकाला.

तार ९ सेंटिमीटर ठेवून सुरुवात करा. नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना कुठल्या वारंवारतेला जुळतो त्याचा आलेख दाखवणारं छोटं यंत्र, केबलच्या टोकाशी ओपन, शॉर्ट, लोड (मोकळं टोक, जोडलेलं टोक, ५० ओहमचा रोध) लावून कॅलिब्रेट करा. डबी बंद, बॅटरी आत, यंत्र हातात, अशाच अवस्थेत मोजा. १ मिलिमीटर कापलं की वारंवारता अंदाजे १० मेगाहर्ट्झ वर जाते, म्हणून कटर जपून चालवा. केबलला बोट लावल्यावर आलेख हलला, तर केबलही अँटेना झाली आहे. तिच्यावर फेराइट, म्हणजे केबलवरचा नको असलेला प्रवाह अडवणारं चुंबकीय कडं, चढवा.

आलेखावर उणे १० डेसिबल, म्हणजे फक्त दहावा हिस्सा शक्ती परत फिरते, असं दिसलं म्हणून हुरळू नका. ५० ओहमचा साधा रेझिस्टरही याहून सुंदर आलेख देतो आणि हवेत काहीच पाठवत नाही. खरी परीक्षा बागेत: त्याच सेन्सरपासून तेवढ्याच अंतरावर आधी सरळ तारेने, मग छोट्या अँटेनाने सिग्नल मोजा. ६ डेसिबल कमी आले, तर मोकळ्या, अडथळा नसलेल्या जागेत पल्ला साधारण निम्म्यावर येतो.