एका रुपयाचा पीकविमा आणि अर्जामागचे चाळीस रुपये

खरीप 2025 पासून महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा बंद झाला. 'बोगस अर्ज सापडले म्हणून योजना गुंडाळली', एवढंच बहुतेकांच्या कानावर आलं आहे. पण घोटाळा रुपयाने केला की रुपयाच्या आडून झाला, हे बघायचं तर थोडं मागे जावं लागतं.

1985 ची आणि 1999 ची पीकविमा योजना आता फारशी कुणाला आठवत नाही. 2016 ला सध्याची प्रधानमंत्री पीकविमा योजना आली. शेतकऱ्याचा वाटा खरिपाला 2 टक्के, रब्बीला 1.5, नगदी पिकांना 5. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य भरणार. 2020 मध्ये कर्जदारांवरची विम्याची सक्ती उठली. त्याच सुमारास बीडला विमा उतरवायला कंपन्या पुढे येईनात, म्हणून 'बीड पॅटर्न' निघाला: भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा, आणि 80 टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची. पुढे तो राज्यभर लागू झाला.

मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात शेतकऱ्याचा वाटाही राज्याने उचलला. सोयाबीनला हेक्टरी हजार-अकराशे रुपये भरावे लागत, तिथे अर्जाला एक रुपया. आदल्या खरिपात 96 लाखांच्या आसपास असलेले अर्ज 1 कोटी 70 लाखांवर गेले. यातले बरेच खरे होते, पूर्वी हप्ता परवडत नसलेल्यांचे. हे विसरलं जातं.

खरी मेख होती चाळीस रुपयांत. प्रत्येक अर्जामागे तो भरून देणाऱ्या सुविधा केंद्राला कंपनीकडून 40 रुपये मिळायचे. (तरी शेतकऱ्याकडून वर शंभर-दीडशे काढणारी केंद्रं होतीच.) अर्जाला लागायचं काय? सातबारा, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. म्हणजे शेतात काय उभं आहे ते अर्जदाराच्याच शब्दावर. भाडेकरार जोडला की दुसऱ्याच्या गटावर विमा निघे. मग गायरानावर, देवस्थानाच्या जमिनीवर, अकृषक प्लॉटवरही पिकं उगवली. काही ठिकाणी कांद्याचं विमाक्षेत्र लागवडीपेक्षा जास्त भरलं. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाइल अ‍ॅपवरची नोंद, 2021 पासून राज्यभर आहे, आणि तफावत आली तर तिचीच नोंद अंतिम, असा नियमही होता. पण विमा अर्जाची मुदत जुलैअखेर संपायची आणि पाहणी त्यानंतरही चालू असायची. तोवर अर्ज पोर्टलवर चढलेला, केंद्राचे पैसे पक्के.

2024 च्या अर्जांतले चार लाखांवर अर्ज बोगस म्हणून बाद झाले. काही केंद्रांवर कारवाई झाली. एप्रिल 2025 अखेर मंत्रिमंडळाने रुपया रद्द केला, मे महिन्यात शासन निर्णय निघाला. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली, हे योग्यच. ही दोन कुलपं 2023 लाच लावली असती तर रुपया काढायची वेळ आली असती का, हा प्रश्न उरतो.

पण त्याच निर्णयात स्थानिक आपत्ती, पेरणी न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान यांची भरपाईही काढून टाकली. खरीप 2025 पासून फक्त पीक कापणी प्रयोगातलं (निवडक शेतांत पीक कापून, मोजून काढलेलं) महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न बघायचं. यातल्या कशाचाही बोगस अर्जांशी संबंध नव्हता. वाचला तो राज्याचा पैसा. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात नद्या शेतात शिरल्या तेव्हा 72 तासांत कळवून पंचनामा करून घ्यायची सोय उरलीच नव्हती.