ही किटली ती नव्हे

‘तेत्सुबिनमध्ये चहा किती मिनिटं मुरवायचा?’ या प्रश्नाचं उत्तर आहे, शून्य मिनिटं. तेत्सुबिन ही जपानी लोखंडी किटली, तिच्यात चहा मुरवतच नाहीत. तिच्यात पाणी उकळतात. गंमत अशी की हे विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा तेत्सुबिन नसतेच, असते ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, क्यूसू, अर्थात चहादाणी. आणि ज्याच्याकडे खरीखुरी तेत्सुबिन असते, तो काही न विचारता तिच्यात पत्ती टाकून मोकळा झालेला असतो. गेली कित्येक वर्षं हा घोळ निस्तरतोय, म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकतो.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. पाणी उकळायची ती किटली आणि चहा ओतायची तीही किटलीच. ‘चहादाणी’ हा चांगला शब्द आपण कोशात ठेवून दिलाय. जपानीत मात्र दोन वस्तूंना दोन शब्द आहेत. ‘तेत्सु’ म्हणजे लोखंड. तेत्सुबिन ही पाणी तापवायची लोखंडी किटली. क्यूसू म्हणजे चहा मुरवायचं भांडं, मग ते मातीचं असो, चिनी मातीचं असो की बिडाचं. बिडाचं असेल तर तेत्सु-क्यूसू. विकणाऱ्यांना ‘तेत्सुबिन’ हा शब्द भारदस्त वाटतो, त्यामुळे बीड दिसलं की तेच लेबल चिकटवायचं, असा खाक्या झालाय. मला याची खरोखर चीड आहे, कारण ही नुसती नावाची चूक नाही, त्यात भांडं फुकट जातं.

चहादाणीच्या बाकीच्या प्रकारांबद्दल तुम्हाला बरंच ठाऊक असणार, म्हणून ते भराभर उरकतो. चिनी माती आणि काच चहाशी काही देवघेव करत नाहीत. जे पानात आहे तेच कपात येतं. चव बघणारे व्यावसायिक म्हणूनच पांढरं, झिलईदार भांडं वापरतात. चहाच्या चव-परीक्षेसाठी आयएसओ 3103 नावाचं एक मानकच आहे : 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, 6 मिनिटं. (याच्या आधीच्या ब्रिटिश मानकाला, बीएस 6008 ला, 1999 मध्ये इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं पारितोषिक, मिळालं. सहा पानं, चहा कसा करावा यावर. मला त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नाही.) बिनझिलईची माती, म्हणजे चीनमधल्या यीशिंगची किंवा जपानमधल्या तोकोनामेची, वास धरून ठेवते. तिच्याशी एकनिष्ठ राहावं लागतं, एक भांडं एक चहा. चांदीबद्दल बोलण्याइतकी ऐपत नाही. राहिलं बीड, आणि खरा गोंधळ तिथेच आहे.

तेत्सुबिन आणि बिडाची क्यूसू या बाहेरून बहिणी दिसतात. दोघीही काळ्या, दोघींच्या अंगावर अनेकदा गारांसारख्या बारीक उंचवट्यांची नक्षी असते. तिला ‘आरारे’ म्हणतात, अर्थ गारा असाच. दोघींना वरून कमानीसारखी कडी. दोघीही मुख्यतः जपानच्या इवाते प्रांतातल्या मोरिओका आणि ओशू या गावांतून येतात. तिथल्या ओतकामाला ‘नांबू तेक्की’ म्हणतात आणि 1975 मध्ये त्याला जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. क्यूसू सहसा लहान असते, तेत्सुबिन मोठी. क्यूसूबरोबर जाळीची गाळणी येते, तेत्सुबिनबरोबर येत नाही. दोघींना चुंबक चिकटतं, त्यामुळे ती परीक्षा करत बसू नका. हे सगळं किरकोळ.

मुख्य गोष्ट आत आहे. झाकण काढा, मोबाइलचा टॉर्च आत मारा आणि नीट बघा. क्यूसूचा आतला भाग गुळगुळीत आणि चकचकीत काळा दिसेल, टॉर्चचा उजेड त्यात ठिपक्यासारखा चमकेल. बोट फिरवलं तर काचेवर फिरल्यासारखं सरकतं. ते काचच आहे. एनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून बसवलेला काचेचा पातळ थर. तेत्सुबिनच्या आत मात्र उजेड विरून जातो. करडा, मंद रंग, किंचित खरखरीत, थंड झालेल्या निखाऱ्यासारखा. तिथे मुलामा नाही. तिथे लोखंड आहे आणि लोखंडावर लोखंडाचीच एक काळी कातडी आहे.

ही कातडी कशी आणतात ते कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. ओतून तयार झालेली तेत्सुबिन कोळशाच्या आगीत 800 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजतात. या भाजण्याला ‘कामायाकी’ म्हणतात. त्यात पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडचा, मुख्यतः मॅग्नेटाइटचा, घट्ट थर धरतो. तांबडा गंज भुसभुशीत असतो, खाली खात जातो. हा काळा थर चिवट असतो आणि तांबड्याला सहजासहजी शिरू देत नाही. पण तो काचेसारखा बंद नसतो. त्यातून थोडं थोडं लोखंड पाण्यात उतरतं, आणि तेत्सुबिनच्या पाण्याची जी मवाळ चव लोक वाखाणतात तिचं श्रेय त्यालाच देतात.

आता त्या लोखंडात चहा घाला. चहात टॅनिन आहे. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले, हवा लागली, की निळसर काळा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतकं ज्या शाईने लिहिलं गेलं ती याच रसायनाची : झाडावरच्या गाठींतलं टॅनिन आणि लोखंडाचा क्षार. जपानी बायका ज्या ‘ओहागुरो’ने दात काळे करत, तेही तेच. व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवून त्यात टॅनिनची पूड घालायची. 1870 मध्ये सरकारने सरदार घराण्यांना ही प्रथा बंद करायला सांगितली. मी पहिल्यांदा तेत्सुबिनमध्ये हिरवा चहा थेट मुरवला तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कपात जे आलं त्याचा रंग दौत धुतल्यावर मोरीत जातो तसा होता, आणि चव म्हणाल तर जिभेवर खिळा ठेवल्यासारखी. भांडं वाईट निघालं, असं समजून मी विकणाऱ्याला चार शब्द सुनावलेही. चूक माझीच होती. (थोडी त्याचीही. लेबलवर त्याने ‘चहासाठी’ लिहिलं होतं.)

याच रसायनाची एक सुरेख बाजू आहे. मोरिओकाचे कारागीर तेत्सुबिन बाहेरून रंगवतात तेव्हा तापलेल्या अंगावर आधी उरुशी, म्हणजे झाडाच्या चिकाचं रोगण, भाजून बसवतात, आणि मग ओहागुरो आणि चहाचं पाणी यांचं मिश्रण ब्रशने चढवतात. म्हणजे जो काळा रंग कपात नको असतो, तोच बाहेर मुद्दाम आणलेला असतो. तेत्सुबिनच्या आत तांबडा गंज दिसायला लागला आणि पाणी लालसर येऊ लागलं, तर उपायही चहाच : थोडी हिरव्या चहाची पत्ती पातळ कापडात बांधायची, पाण्यात टाकून मंद आचेवर उकळायची. पाणी काळं होतं, गंजाच्या जागी काळा थर बसतो. ते पाणी फेकून द्यायचं, दोन-तीनदा हेच करायचं. तेत्सुबिनच्या पोटात चहा जायचा तो एवढ्याच कामासाठी, औषध म्हणून.

मग क्यूसूचं काय? क्यूसूत चहा आणि लोखंड यांची गाठच पडत नाही, मध्ये काच आहे. त्यामुळे चहा सुखरूप राहतो. पण याच काचेमुळे क्यूसू आचेवर ठेवायची नाही. लोखंड आणि काच तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. खालून ज्योत लागली की तळाचं लोखंड ताणतं, पातळ एनॅमलला तो ताण झेपत नाही आणि त्याला तडे जातात. इथे कोणी तरी हमखास विचारतो की एनॅमल दिलेली बिडाची जाड हंडी तर चुलीवर खुशाल चालते. चालते, कारण तिचा मुलामा त्याच कामासाठी जाड आणि थरांवर थर देऊन केलेला असतो. क्यूसूचा मुलामा फक्त गंज थोपवण्यापुरता असतो. उकळतं पाणी वेगळ्या भांड्यातून आणून तिच्यात ओतायचं, एवढंच तिच्याकडून अपेक्षित आहे.

माझ्या मावसबहिणीला कुणी तरी भेट म्हणून क्यूसू दिली, खोक्यावर अर्थातच ‘तेत्सुबिन’. तिने माझंच कुठलं तरी जुनं भाषण ऐकलेलं, तेत्सुबिनमध्ये पाणी उकळावं म्हणून. तिने पाणी भरून गॅसवर ठेवली. थोड्या वेळात फोन : ‘दादा, आतून टिक-टिक आवाज येतोय, असाच येतो का?’ गॅस बंद कर म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पाणी ओतलं तर त्यात नखाच्या कातरणासारखे काळे चकचकीत तुकडे. सल्ला बरोबर होता, भांडं दुसरं होतं.

बिडाच्या क्यूसूबद्दल आणखी दोन दंतकथा आहेत. पहिली, ‘लोखंडाच्या किटलीतून अंगात लोह जातं.’ एनॅमलमधून जात नाही, काच खाऊन रक्त वाढत नसतं. तेत्सुबिनमधून पाण्यात थोडं जातं हे खरं, पण त्याच पाण्याचा चहा केलात तर चहातली द्रव्यं ते लोह बांधून ठेवतात आणि शरीराला ते शोषून घ्यायला अवघड जातं. लोहासाठी डॉक्टरांकडे जा, किटलीकडे नको.

दुसरी, ‘बीड जाड असतं, चहा गरम राहतो.’ अर्धवट खरं. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅममागे अंशाला साधारण 0.45 ज्यूल, पाण्याची 4.18, भाजलेल्या मातीची 0.8च्या आसपास. वजनाला वजन लावलं तर लोखंड मातीपेक्षा कमीच उष्णता धरतं, त्याचा सगळा रुबाब जडपणाचा. आणि तो जडपणा आधी तुमच्याच पाण्यातून उष्णता खेचतो. 25 अंशांवरच्या एक किलोच्या क्यूसूत अर्धा लिटर उकळतं पाणी ओता. दोन्हींचं तापमान सारखं होईपर्यंत ते 87च्या जवळ आलेलं असतं. 300 ग्रॅमच्या चिनी मातीच्या चहादाणीत तेच 92च्या आसपास राहतं. म्हणजे काळ्या चहाला हवी असलेली पहिली कडक धग बीड गिळून टाकतं. आधी गरम पाण्याने विसळून तापवून घेतलीत तर क्यूसू नंतर बरी वागते. ग्योकुरोसारखा नाजूक हिरवा चहा, ज्याला 50-60 अंशच पुरतात, त्याला हे तापवलेलं जड भांडं नको. त्याला उष्णता साठवणारं नाही, लवकर निवणारं भांडं लागतं.

माझी निवड विचाराल तर ती पक्की आहे. चहा मुरवायला पातळ चिनी माती, किंवा रोज एकच चहा पीत असाल तर तोकोनामेची माती. पाणी उकळायला तेत्सुबिन, पण रोज पाच मिनिटं तिची बडदास्त ठेवायची तयारी असेल तरच. आच मंद ठेवा. तापलेल्या रिकाम्या भांड्यात गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. पाणी झालं की सगळं ओतून टाका, झाकण काढून ठेवा, उरलेल्या उष्णतेने ती स्वतः कोरडी होते. साबण नाही, घासणी नाही. काही आठवड्यांनी आत पांढरट थर दिसू लागतो, तो पाण्यातल्या क्षारांचा. तो खरवडून काढणारे लोक पाहिले की माझा जीव खालीवर होतो, कारण जाणते लोक तो थर मुद्दाम टिकवतात.

बिडाची क्यूसू मी स्वतः घेणार नाही. कुणी दिली तर होजिचासाठी, म्हणजे भाजलेल्या जपानी हिरव्या चहासाठी, वापरेन, धुऊन लगेच पुसेन, विशेषतः झाकणाची आतली बाजू आणि तोंडाची कड, कारण तिथे अनेकदा एनॅमल नसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आणि हो, अलीकडे लहान आकाराची, आतून मुलामा नसलेली, ‘दोन्ही कामांना चालेल’ अशी भांडीही मिळतात. गाळणी दिलेली असते. ती घेतलीत तर खुशाल चुलीवर ठेवा, पाणी उकळा आणि गाळणी ड्रॉवरमध्ये टाका.

मावसबहिणीने नंतर विचारलं, उरलेलं एनॅमल खरवडून काढलं तर हिची तेत्सुबिन होईल का. होणार नाही. आत जे लोखंड निघेल ते कोळशाच्या आगीतून कधी गेलेलंच नाही, त्याच्यावर काळी कातडी नाही. पहिल्याच पाण्याला ते तांबडं पडेल.