सर्पमित्र

सर्पमित्र : घर, गोठा, विहीर किंवा शेतात निघालेला साप न मारता पकडून त्याच्या अधिवासात सोडणारी स्थानिक व्यक्ती. हे काम बहुतेक जण पदरमोड करून, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करतात. कुणी वायरमन असतो, कुणी रिक्षा चालवतो, कुणी दूध घालतो. खेड्यांत तो बहुधा शेतकरीच असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याचा नंबर किराणा दुकानाच्या भिंतीवर, शाळेच्या फळ्यावर आणि पोलीस पाटलाच्या मोबाइलमध्ये सापडतो.

सापाला खेड्यात रात्री नावाने हाक मारत नाहीत. ‘जनावर निघालं’, ‘लांबडं दिसलं’ असे म्हणतात, आणि साप चावला तर ‘पान लागलं’. एकीकडे नागपंचमीला वारुळाची पूजा होते, शेतात नांगर धरत नाहीत. दुसरीकडे श्रावण सरला की तोच नाग उंबऱ्याशी दिसताच काठ्या निघतात. सर्पमित्राला काम करायचे असते ते या भक्ती आणि भीतीच्या मध्ये उभे राहून.

साप शेतात येतो तो उंदरांमागे. धान्य आले की उंदीर-घुशी आल्या, त्या आल्या की साप आलेच. सोयाबीनची गंजी, कडब्याची वळई, कांद्याची चाळ, उसाचे पाचट, बांधावरचा दगडांचा ढीग या त्याच्या हक्काच्या जागा. धामण तर उंदरांची कर्दनकाळ. ती बिनविषारी, चपळ आणि शेतकऱ्याच्या मोठ्या उपयोगाची. तरी ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, या समजापायी सर्वांत जास्त मार तीच खाते. सापाला दूध पचत नाही आणि सडाला लावून ओढायला त्याच्या तोंडाची ठेवणही तशी नाही. ही साधी गोष्ट प्रत्येक सर्पमित्राला प्रत्येक वस्तीवर पुन्हा सांगावी लागते, आणि तो ती न कंटाळता सांगतो.

माणसाच्या जिवावर उठणारे साप महाराष्ट्रात मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस पिकात पडून राहते, कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. फुरसे कोकणातल्या कातळावर, दगडांखाली असते. मण्यार मात्र सर्वांत फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे पित्त झाले समजून लिंबूपाणी देत बसतात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-खुरपणीच्या दिवसांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. हे ‘दुर्लक्षित’ विशेषण नेमके आहे, कारण मरणारी माणसे शेतात राबणारी आहेत.

साप वाचवण्याच्या कामाला महाराष्ट्रात लोकांसमोर आणण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांना जाते. साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे दाखवण्यासाठी १९८० साली ते ७२ विषारी सापांसह ७२ तास एका बंदिस्त खोलीत राहिले. पुढे १९८६ मध्ये पुण्यात कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. शाळांमधली व्याख्याने, तक्ते, स्लाइड शो यांतून जिल्ह्याजिल्ह्यांत मुले तयार झाली. खैरे यांच्या त्या प्रयोगाचा काळ वेगळा होता. तो आज कुणी गिरवावा असा नाही, आणि जाणते सर्पमित्र नव्या पोरांना ते बजावून सांगतात.

प्रत्यक्ष काम फोनवरच सुरू होते. ‘लांब उभे राहा, पोरांना आत घ्या, कुणी मारू नका, फक्त नजर ठेवा.’ या चार वाक्यांवर बरेच अवलंबून असते, कारण साप नजरेआड झाला की पुढे तासभर सरपण उपसावे लागते. हल्ली फोटो आधी येतो. बऱ्याचदा फोटोतला ‘मण्यार’ निरुपद्रवी कवड्या साप निघतो आणि ‘नागाचं पिल्लू’ तस्कर हा दुसरा बिनविषारी साप. अशा वेळी पकडायला न जाता दार उघडे ठेवायला सांगणे आणि साप आपल्या वाटेने जाईपर्यंत फोनवर थांबणे, हेही कामच आहे. किंबहुना त्यातले उत्तम काम.

जागेवर गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे गर्दी मागे सारणे. साहित्य साधे असते : लोखंडी हूक, बॅटरी, जाड बूट, सुती पिशवी, बरणी. नागासाठी पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा बांधतात आणि पिशवी भिंतीकडेला ठेवतात. उजेडापासून पळणाऱ्या सापाला ते अंधारे तोंड बिळासारखे वाटते. हुकाने शेपटीकडून हलकेच वळवले की तो आपणहून आत शिरतो. मग पाइप उचलून पिशवीला पीळ, गाठ, आणि पिशवी बरणीत. हात लावायची वेळच येत नाही. चिमट्याने मान दाबून उचलण्याच्या जुन्या पद्धतीत सापाच्या बरगड्या आणि मणके दुखावतात, म्हणून ती मागे पडत आहे.

सर्वांत किचकट काम जाळीचे. डुकरे आणि कोंबड्यांसाठी हल्ली बांधाला, खुराड्याला नायलॉनची मासेमारीची जाळी लावतात. धामण त्यातून डोके घालते, पुढे सरकते, आणि खवले मागच्या दिशेने असल्यामुळे तिला माघार घेता येत नाही. जितकी धडपड, तितका धागा आत रुततो. मग एकाने मान धरायची आणि दुसऱ्याने नखे कापायच्या छोट्या कात्रीने एकेक धागा तोडायचा. धागा कातडीत इतका बुडालेला असतो की कात्रीचे टोक खवल्याखाली सारावे लागते. उन्हात पाणी शिंपडत हे तास-दीड तास चालते. बघणारा शेतकरी सुरुवातीला ‘सोडा हो, एक धामण ती’ म्हणतो आणि शेवटी स्वतःच तांब्या घेऊन पाणी ओतत बसलेला असतो.

सर्पमित्राच्या कामाचा दुसरा निम्मा भाग माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे. पान लागले की पूर्वी, आणि काही ठिकाणी आजही, माणसाला देवळात बसवतात, मांत्रिकाला बोलावतात, जखमेला कोंबड्या लावतात. यात हातची वेळ जाते. दोरी करकचून बांधू नका, ब्लेडने चिरा देऊ नका, हातपाय हलवू देऊ नका, थेट सरकारी दवाखाना गाठा, हे सांगणारा आणि प्रसंगी स्वतःच्या गाडीवर मध्ये बसवून नेणारा माणूस म्हणजे सर्पमित्र. कुठल्या ग्रामीण रुग्णालयात ‘सापाची लस’, म्हणजे प्रतिसर्पविष, शिल्लक आहे हे त्याला ठाऊक असते. ही लस वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून डॉक्टरांना दाखवायला नेण्याची गरज नाही. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष वय पाहून कमी होत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. सर्पमित्राला हे कलम पाठ असते, पण तो ते क्वचितच काढतो. घरातल्या म्हातारीला ‘आजी, देवाचं नाव वाटेत घेऊ, आधी गाडीत बसा’ म्हणणे त्याला जास्त लवकर साधते.

कायद्याच्या दृष्टीने सर्पमित्राची जागा अवघड आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दात पकडणेही येते, म्हणजे परवानगीवाचून साप पकडणे हासुद्धा गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, आहेत. त्यामुळे प्रत्येक सापाची नोंद करायची, वन विभागाला कळवायचे आणि लवकरात लवकर, शक्य तितक्या जवळ सोडायचे, ही रीत. लोकांना साप दूरच्या डोंगरात हवा असतो; पण परक्या जागी त्याला बीळ, पाणी, भक्ष्य सगळेच नव्याने शोधावे लागते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला नागपंचमीच्या जिवंत नागांच्या मिरवणुका मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर थांबल्या, तेव्हाही पाळणे आणि वाचवणे यांतला हाच फरक चर्चेत होता.

या क्षेत्रातली खरी कीड म्हणजे प्रदर्शन. मोबाइलसमोर नागाचा मुका घेणे, गळ्यात धामण घालून मिरवणे, चित्रफितीसाठी साप दिवसेंदिवस बरणीत डांबणे असे करणाऱ्याला सर्पमित्र म्हणू नये. कित्येक तरुण अशाच क्षणी दंश होऊन गेले आहेत. जे नीट काम करतात तेही सुरक्षित नाहीत. वर्षानुवर्षे त्यांच्यापाशी ना विमा होता ना ओळखपत्र. २०२५ मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि १० लाख रुपयांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. ही मागणी फार जुनी होती.

पावसाळ्याच्या तोंडावर पाया खणताना, शेणखताचा उकिरडा उपसताना नागाची किंवा धामणीची अंडी सापडतात. मऊ, चिवट कवचाची, एकमेकांना चिकटलेली. ती उलटी-पालटी केली तर आतला जीव मरतो, म्हणून सर्पमित्र पेनाने वरच्या बाजूला खूण करतो आणि तीच बाजू वर ठेवून ओलसर मातीच्या डब्यात मांडतो. नागाची पिल्ले साधारण दोन महिन्यांनी अंडी चिरून बाहेर येतात. वीतभर पिल्लू पहिल्याच दिवशी फणा काढते, आणि त्याच दिवसापासून त्याला विषही असते. वनरक्षकाला सोबत घेऊन, संध्याकाळच्या गारव्यात, अंडी सापडलेल्या गावाच्या शिवारातच ती सोडली जातात.