पार्श्वभूमी : तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र, श्वासाची नळी आणि फुग्याचा वाद

घटसर्पाच्या साथींत, १८८०च्या दशकात, मुलांच्या घशात धातूच्या नळ्या घालत. जीव वाचले, पण काहींची स्वरयंत्रं आकसली. नवजात बाळाला नाकातोंडातून घातलेली नळी दिवसेंदिवस ठेवण्याची पद्धत मात्र १९६५च्या सुमारास रुळली. त्याआधी श्वासासाठी गळ्याला छेद देत.

स्वरयंत्राच्या तळाची क्रिकॉइड ही कूर्चा पूर्ण वलयाची असते. आतल्या अस्तराला सूज आली की ती आतच वाढते. चार मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर जागा पाव उरते. नळी घट्ट बसली तर रक्तपुरवठा तुटतो, जखम होते आणि ती भरताना चट्टा वाट अडवतो.

खरा वाद नळीभोवतीच्या, कडेने हवा गळू नये म्हणून फुगवायच्या फुग्याचा. लहान मुलाचं स्वरयंत्र नरसाळ्यासारखं, क्रिकॉइडपाशी सर्वात अरुंद, असं १९५१च्या एका लेखापासून पक्कं धरलं गेलं. त्याचा आधार होता १८९७चे, मृत मुलांच्या स्वरयंत्रांचे प्लास्टरचे साचे. क्रिकॉइडच वाट बंद करतं, मग फुगा कशाला? आठ वर्षांखाली बिनफुग्याचीच नळी, हा नियम पिढ्यान् पिढ्या घोकला गेला. २००३मध्ये जिवंत मुलांच्या एमआरआयने आणि २००९मध्ये दुर्बिणीच्या तपासणीने सर्वात अरुंद जागा स्वररज्जूंपाशी दाखवली. शिवाय क्रिकॉइडची पोकळी गोल नसून लंबगोल निघाली. म्हणजे गोल नळीच्या कडेने हवा गळत असली, तरी ती बाजूंना रुतलेली असू शकते. २००९च्याच दोन हजारांवर मुलांच्या चाचणीत नळी काढल्यानंतरच्या घरघरीचं प्रमाण फुग्याच्या आणि बिनफुग्याच्या नळ्यांत जवळपास सारखं, साडेचार टक्क्यांच्या आसपास होतं. साच्यांवर इतकी दशकं विसंबायला नको होतं. अर्थात ती मुलं शस्त्रक्रियेची होती, आठवडाभर व्हेंटिलेटरवरची नव्हेत. तीन किलोखालच्या बाळांना आजही बहुधा बिनफुग्याचीच नळी घालतात.

इलाजही बदलला. क्रिकॉइड पुढून चिरून गळ्याचा छेद टाळण्याची शस्त्रक्रिया १९८०ची, अरुंदपणाच्या चार श्रेणी १९९४च्या. सतत दाबाने हवा देणारं सीपॅप १९७१मध्ये आलं, ते नाकावाटे देणं १९७३च्या सुमारास; नळीच घालावी लागत नाही, हा त्याचा सर्वात मोठा उपकार.

सोलापूर, नगर, साताऱ्याकडून बाळं पुण्यात हलवली जातात, तेव्हा पहिली नळी बहुतेकदा गावाकडेच घातलेली असते. म्हणून नळीचा आकार, फुगा होता की नाही आणि ती किती दिवस राहिली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावं. महिन्याभराने बाळ घरघरू लागलं, तर दुर्बीण घालणारा डॉक्टर आधी तेच विचारतो.